वरची तुकडी

६ जून

धाकटे,

काल तू माझा फोन तोडलास. मी बोलत असताना, वाक्याच्या मध्येच. मी एका शाळेची उपमुख्याध्यापिका आहे. तिथलं एकही मूल माझं बोलणं संपायच्या आत जागेवरून हलत नाही, आणि माझी सख्खी बहीण खुशाल लाल बटण दाबून मोकळी होते. म्हणून आता मेल लिहिते. मेल मध्येच तोडता येत नाही. फार तर तू वाचणार नाहीस, पण तू वाचशील. मी तुला ओळखून आहे.

मुद्दा एकच, भुंगाचं शिक्षण. पोरगी पंधरा वर्षांची झाली. सातवीत कावीळ होऊन ती अर्धं वर्ष अंथरुणात होती. परत शाळेत गेली तेव्हा कुठल्याशा बाईंनी तिला फळ्यापाशी उभं करून गणित घातलं, तिला ते आलं नाही, वर्ग हसला, ती रडत घरी आली. आणि तू? दुसऱ्या दिवशी जाऊन तिचं नाव काढून आलीस. राग आला की तू आधी करून टाकतेस आणि मग काय करायचं ते मला विचारतेस. ठीक आहे, झालं ते झालं. पण तेव्हापासून घरी जे चाललंय त्याला शिक्षण म्हणायचं का? एक तो लॅपटॉपवरच्या पोपटाचा कोर्स. बरोबर उत्तर दिलं की पोपट टाळ्या वाजवतो! पोपटाला हात कुठून आले, हे विचारायची सोय नाही. एक त्या दाढीवाल्याचा, तो म्हणे जगण्यातून विज्ञान शिकवतो, आणि त्याच्या मागे कायम एक मांजर झोपलेलं असतं. निम्मे कोर्स सुरू केले, निम्मे सोडले. पुढच्या वर्षी तिला बाहेरून दहावीला बसायचंय. ही भातुकली आता पुरे.

मी एक ऑनलाइन वर्ग शोधला आहे. रोज संध्याकाळी, दहावीचं गणित आणि विज्ञान. समोर खरे शिक्षक, आठवड्याला चाचणी. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, उत्तरं लिहून पाठवायची, त्यामुळे तुझ्या लेकीला लाजायचं कारण नाही. नाव मी घातलं आहे. पालक म्हणून माझा पत्ता दिला आहे, म्हणजे अहवाल थेट माझ्याकडे येईल, तुझ्या गाळणीतून गाळून नाही. दहावी नीट झाली तर अकरावीला तिला माझ्या शाळेत घेईन. नाही झाली तर मात्र माझ्याकडे येऊ नकोस.

ताई


११ जून

ताई,

तुझा मेल वाचला तेव्हा मी एका आजोबांच्या वरच्या कवळीचे दात घासून सारखे करत होते. इतकी तडकले की एक सुळा जास्तच घासला गेला. आता ते आजोबा हसले की एका बाजूने निराळेच दिसतील, त्याचं पाप तुझ्या माथी.

पालक म्हणून तुझा पत्ता! कळा मी सोसल्या, रात्रंदिवस उशाशी मी बसले, तिच्या बाबांच्या विमानतळावरच्या उलटसुलट पाळ्या सांभाळून घर मी चालवते, आणि पालक कोण, तर ताई. विचारलंस तरी का? तुझ्या शाळेत तू सह्या ठोकतेस तशी माझ्या घरात ठोकू नकोस.

पोपटाला नावं ठेवू नकोस. तो निदान ओरडत तरी नाही.

वर्गाला ती बसेल. तू सांगितलंस म्हणून नाही, तर तुझं तोंड बंद व्हावं म्हणून. माझ्या पोरीचं एक वर्षही वाया गेलेलं नाही. मी तिला थेट आठवीपासून शिकवलं, कुठे थांबू दिलं नाही. बघच तू.

धाकटी


९ जुलै

धाकटे,

पहिला अहवाल आला. मी चष्मा पुसून दोनदा वाचला. पहिल्या चारही चाचण्यांत आपली भुंगा वर्गात पहिली. शिक्षक लिहितात, "उत्तरं जलद आणि अचूक. वयाच्या मानाने भाषा फार प्रौढ." आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी तो मोठ्याने वाचून दाखवला. विज्ञानाच्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता बोल. इतकी वर्षं तू हे डोकं पोपटापुढे बसवून ठेवलंस! माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. ही पोरगी माझ्याकडे असती तर आज कुठल्या कुठे गेली असती.

त्या लोकांची एक वरची तुकडी आहे, निवडक मुलांची. तिथे कॅमेरा चालू, तोंडी प्रश्न, पुढच्या वर्षांचाही अभ्यास. मी तिचं नाव सुचवते आहे.

ताई


१४ जुलै

ताई,

अहवाल चांगला आला, मला माहीतच होतं. तुझ्या विज्ञानाच्या बाईंना माझा नमस्कार सांग.

पण वरची तुकडी नको. आहे तिथे ती छान चालली आहे, तिला तिथेच राहू दे. उगाच घाई कशाला? शिवाय माझं इथे कामाचं चाललंय. या खेपेला प्लास्टर खराब आलं, कवळ्यांचे तीन साचे तडकले, दाताच्या डॉक्टरांची बोलणी खाल्ली. भुंगा हाताखाली असते म्हणून निभतं. तिचा आणखी वेळ गेला तर मला जमायचं नाही.

धाकटी


१७ जुलै

धाकटे,

म्हणजे पोरीने तुझं प्लास्टर कालवावं म्हणून तिने खालच्या तुकडीत कुजायचं? तुला लाज नाही का वाटत? वर्गात पहिली आलेली मुलगी, आणि आई म्हणते घाई कशाला!

मी नाव घातलं आहे. १ ऑगस्टपासून. कॅमेरा चालू ठेवायचा, केस नीट विंचरायचे.

ताई


५ ऑगस्ट

ताई,

परवा वर्ग चालू असताना आमच्याकडचं इंटरनेट गेलं. त्या लोकांनी तुला काही कळवलं असेल, तर एवढंच झालं. फार मनावर घेऊ नकोस. आता काही दिवस ती वर्गाला बसणार नाही, तिचं डोकं दुखतं.

धाकटी


७ ऑगस्ट

मावशी,

आई सांगते ते खोटं आहे. इंटरनेट गेलं नव्हतं, लॅपटॉप मी बंद केला. माझं डोकंही दुखत नाहीये. म्हणजे दुखतंय, पण तुम्हा दोघींमुळे.

ती पहिली आलेली मुलगी मी नाही. ती आई आहे.

पहिल्या दिवशी आई शेजारी स्टूल घेऊन बसली, म्हणाली, नुसती ऐकते. सरांनी प्रश्न घातला. मी विचार करत होते. आई आधी सुस्कारे टाकायला लागली, मग तिने बोटं मोडली, मग म्हणाली, "एवढंच फक्त मी लिहिते, वेळ जातोय." त्यानंतर रोज. मी कीबोर्डला बोट लावायच्या आत उत्तर गेलेलं असायचं. ती लिहायची, मी बघायचे, आणि सर म्हणायचे, शाबास! ते शाबास माझ्या नावाने यायचं. मावशी, तुला कधी दुसऱ्याची शाबासकी मिळाली आहे का? शिवी परवडली.

मी आईला म्हटलं, नको करूस. ती म्हणाली, "तुझ्या मावशीला एकदा दिसू दे, मग तू तुझं तुझं कर." म्हणजे तुला दाखवायचं होतं. मला शिकवायचं राहिलंच.

मग तू वरची तुकडी काढलीस. तिथे कॅमेरा. आई काय करायची सांगू? लॅपटॉपच्या मागे उभी राहून पांढऱ्या पाटीवर उत्तर लिहून धरायची. मी नजर वर करायची आणि वाचायचं. तीन तारखेला दाताचे डॉक्टर दारात आले, कोणाची तरी कवळी बसत नव्हती म्हणून, आणि आई पाटी घेऊनच बाहेर गेली. नेमकं तेव्हा सरांनी मला विचारलं, कारण मी सगळ्यात हुशार. दोन भाग आम्ल, पाच भाग पाणी, असं साडेतीन लिटर द्रावण हवंय, तर आम्ल किती घ्याल? सोपं आहे, म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पण वर बघत होते, पाटी नव्हती तिथे. सर म्हणाले, "छताकडे काय आहे?" कोणीतरी हसलं. सातवीत हसले होते ना, अगदी तसंच. मी लॅपटॉप मिटला.

मला ते आलं नाही मावशी. थोडंही आलं नाही. प्रमाण, अपूर्णांक, शेकडेवारी, हे सगळं सातवीत आहे, आणि सातवीत मी अंथरुणात होते. नंतर आईने आठवी काढली. वर्ष वाया जायला नको म्हणून. जिन्याची एक पायरीच नाही आणि तुम्ही दोघी वरून ओरडताय, चढ, चढ.

प्लास्टरही खराब नव्हतं. डब्यावर शंभर ग्रॅमला किती पाणी ते लिहिलेलं असतं. माझ्याकडे उरलं होतं पावणेदोनशे. मला हिशोब येईना आणि विचारायची चोरी, कारण विचारलं की आई स्वतःच करून टाकते. मी अंदाजाने पाणी ओतलं. साचे माझ्यामुळे फुटले.

लॅपटॉप मिटला त्या रात्री मी पोपटाचा सातवीचा भाग उघडला. पोपट म्हणाला, आधी दोन्ही भागांची बेरीज करा. दोन आणि पाच सात. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी रडले, आणि तो मूर्ख टाळ्या वाजवत होता.

मी मठ्ठ नाही. मी सातवी शिकलेच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आईला नाही कळलं तर नाही, पण तू तर शिक्षिका आहेस!

मला सातवीच्या गणिताच्या वर्गाला बसायचंय. पोपट नको, खरा वर्ग, बारा वर्षांच्या मुलांबरोबर. दहावी एक वर्षाने दिली तर काही आकाश कोसळत नाही. दुसरा कुठलाही कोर्स माझ्यासाठी निवडू नका.

भुंगा


१० ऑगस्ट

धाकटे,

तुझ्या पोरीचं पत्र आलं.

पाटी! लॅपटॉपच्या मागे उभी राहून पाटी धरत होतीस? चाळिशी ओलांडलेली बाई तू! आमच्या शाळेत एखाद्या पालकाने असं केलं असतं तर मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला असता. आणि "वयाच्या मानाने भाषा प्रौढ" हे मी जगाला वाचून दाखवत हिंडले. ज्या विज्ञानाच्या बाई माझ्याशी चार शब्द बोलत नाहीत, त्या आता रोज विचारतात, भाची काय म्हणते? काय सांगू? भाची नाही, बहीण हुशार आहे?

पण आता नीट ऐक. सातवी वगैरे काही नाही. पंधरा वर्षांची थोराड मुलगी त्या चिल्ल्यापिल्ल्यांत बसणार? उद्या कोणी विचारलं तर? आपण असं करू. दहावीचं पुस्तक समोर ठेवायचं, आणि मी रोज फोनवरून हळूहळू मागचं भरून काढते. बाहेर कोणाला कळायची गरज नाही.

ताई


१२ ऑगस्ट

ताई,

तू मला पाटीवरून बोलतेस? ती पाटी कोणासाठी होती? दर फोनला "काय आलं, कितवी आली", वाढदिवसाला सुद्धा आधी तेच. तुझ्यापुढे माझी पोर उघडी पडू नये म्हणून मी उभ्याने पाय मोडून घेतले. मला हौस होती का? इकडे दाताचे डॉक्टर दारात खोळंबायचे आणि तिकडे मी वर्गमुळं काढत बसायची!

भुंगा माझ्याशी बोलत नाही. जेवायला बोलावलं की येते, जेवते, ताट घासते, जाते. प्लास्टरच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, "कोणी मदत करू नये."

एवढं मात्र तुझं बरोबर आहे. सातवीत नाही बसवायचं. लहान पोरं हसतील. एकदा हसली ती अजून निस्तरते आहे मी. फोनवरून शिकव तू, पण आवाज चढवायचा नाही.

धाकटी


१४ ऑगस्ट

मावशी, आणि आई (आई, तुला पण पाठवते, कारण तू विचारणारच आहेस की काय लिहिलं),

तुम्हा दोघींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, आणि तेही माझ्या विरोधात. अभिनंदन.

मावशी, तू मला फोनवरून शिकवणार नाहीस. माझं उत्तर यायला वेळ लागेल, आणि तुझ्याकडे तो नाही.

मी सातवीच्या वर्गाला नाव घातलं आहे. तिथे पालकांची संमती लागते, आणि माझी पालक म्हणून अजून तुझाच पत्ता आहे, हे तुझंच काम. त्यांचा मेल तुझ्याकडे आला असेल. शनिवारी प्रवेश बंद होतात. "मान्य" दाब किंवा नको दाबू. नाही दाबलंस तर मी दहावीला बसेन, तुम्ही सांगाल ते करेन, आणि कोऱ्या पेपरवर नाव लिहून देऊन येईन. हे धमकी म्हणून सांगत नाहीये. मला खरंच तेवढंच येतं.

भुंगा


१६ ऑगस्ट

भुंगा,

दाबलं.

तुझ्या पत्राने पाघळले असं समजू नकोस. उर्मट पत्र होतं. पण आज सकाळी मी आमच्या दहावीच्या वर्गावर गेले आणि तुझं ते दोन भाग आम्ल, पाच भाग पाणी फळ्यावर लिहिलं. म्हटलं, हात वर करा. निम्म्या वर्गाने माना खाली घातल्या. या माना मी रोज बघते. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही शिस्त आहे.

मी तिथून बाहेर आले आणि खोलीचं दार लावून बसले. कोणावर चिडावं तेच कळेना. नेहमी लगेच कळतं.

पालकाच्या जागी तुझ्या आईचा पत्ता घालायला त्यांना कळवलं आहे. अहवाल मला नको. कितवी आलीस ते सांगू नकोस, मी विचारणार नाही. विचारलं तर फोन ठेवून दे. तुझ्या आईला ते छान जमतं, तिच्याकडून शिकून घे.

मावशी


२४ ऑगस्ट

ताई,

मला न विचारता तू संमती दिलीस. आधी मला न विचारता वर चढवलंस, आता मला न विचारता खाली उतरवलंस. हा राग माझ्या डोक्यातून लवकर जाणार नाही, हे लक्षात ठेव. पण आजचं सांगायला मला तुझ्याशिवाय कोणी नाही. तिचे बाबा पाळीवर आहेत.

आज तिच्या वर्गाचा पहिला दिवस. तिने खोलीचं दार लावून घेतलं. मला म्हणाली, "स्टूल बाहेर ने." नेलं. मागच्या खोलीत मेण तापत ठेवलं होतं, एका बाईंच्या खालच्या दाढा बसवायच्या होत्या. त्या अजून तशाच पडल्या आहेत.

आतून चिवचिवाट ऐकू येत होता, सगळी बारकी पोरं. एका पोराने विचारलं, "तू एवढी मोठी, मग आमच्यात का?" म्हटलं, झालं, आता ही उठून येणार. तर आपली ही शांतपणे म्हणते, "सातवीत मी आजारी होते. माझं राहिलं." तो म्हणाला, "अच्छा." संपलं! हसलं कोणी नाही. मी अडीच वर्षं ज्या हसण्याला घाबरले, ते आलंच नाही. आता तो राग कोणावर काढू?

मग त्या बाईंनी गणित घातलं. रंगाचं होतं, तीन भाग पिवळा आणि एक भाग निळा. मला ऐकता ऐकताच आलं. मी उठले ते मलाच कळलं नाही, ताई. कडीवर हात गेला होता. आणि आतून भुंगाचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"बाई, मला कळलं नाही. परत सांगा."

बाईंनी परत सांगितलं.

"अजून नाही कळलं."

त्यांनी आणखी एकदा सांगितलं, चित्र काढून असावं, कारण खडूसारखं काहीतरी वाजत होतं. तरी भुंगा म्हणाली की निम्मंच कळलं. बाई म्हणाल्या, मग निम्म्यापासून पुढे घरी करून बघ. सातवीत असताना ही फळ्यापाशी रडली होती. आठवीपासून मी शेजारी होते, तर हिने मला एकदाही म्हटलं नाही की मला कळलं नाही. मी तिला तेवढा वेळच दिला नाही.

वर्ग संपल्यावर ती पाणी प्यायला बाहेर आली. मी अजून दाराशीच.

म्हणाली, "तुला उत्तर आलंय ना?"

म्हटलं, "हो."

"सांगू नकोस."

आणि परत आत जाऊन बसली. दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही. एकदा कागद फाडल्याचा आवाज आला, एकदा टेबलावर हात आपटल्याचा. स्वतःलाच शिव्या घालते आहे, त्या बहुतेक माझ्याकडूनच शिकली. उत्तर माझ्या जिभेवर आहे. हात रिकामे राहिले तर मी दार उघडेन, म्हणून तुला लिहीत बसले आहे.

धाकटी